कोणते ओझे टाकावे?

शास्त्रपाठ : इब्री १२:१, गलती ६:२-५, लूक ५:३६-३९



इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात, अगदी आरंभीच, लेखक आपल्याला शर्यतीच्या मैदानावर नेतो. धावणाऱ्याने दोन गोष्टी अंगावरून उतरवून ठेवाव्यात असे तो सांगतो. प्रथम ओझे आणि मग पाप. आपल्या उपदेशांत पापाविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. पण 'ओझे' हा शब्द मात्र आपण घाईने ओलांडून जातो, जणू एकाच गोष्टीची ती दोन नावे आहेत. तसे नाही. मूळ ग्रीक भाषेत येथे 'ओंकोस' हा शब्द आहे. भार, फुगवटा, अंगावर वाढत गेलेला पसारा असा त्याचा अर्थ होतो. घोंगडी पांघरणे हे काही पाप नव्हे. थंडीत ती देवाची देणगीच आहे. पण घोंगडी पांघरून कोणी शर्यत धावत नाही.

ह्या एका शब्दाचा उलगडा करण्यासाठी आम्ही ह्या महिन्यात जरा दूरचे उदाहरण घेणार आहोत. जपानात हिरोशिमा येथे तयार होणाऱ्या, दोनच माणसे बसतील अशा एका उघड्या मोटारीचे. तिचे नाव माझदा एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. टांग्याचा टप जसा मागे दुमडून ठेवता येतो तसा हिचा कापडी टप मागे टाकता येतो. मग डोक्यावर आभाळ आणि तोंडावर वारा! ही गाडी आपल्या देशात कंपनी विकत नाही आणि आपल्या मंडळ्यांतील कोणाच्या अंगणात ती उभी असेल असे आम्हांस वाटत नाही. आपल्यातील बहुतेकांची मजल स्कूटरच्या हप्त्यांपर्यंत. तरी वाचकांनी थोडा धीर धरावा. हे उदाहरण आम्ही हौसेने घेतलेले नाही. एका पत्रामुळे घेतले आहे, आणि त्या पत्राकडे आपण येणारच आहोत.

'माझदा' हे नाव मात्र आपल्याला परके नाही. स्वराज माझदाच्या लहान ट्रक आणि बसगाड्या १९८०च्या दशकापासून आपल्या रस्त्यांवर धावल्या. आणि वडोदरा किंवा हैदराबादच्या ज्या वाचकांचे शेजारी पारशी आहेत त्यांच्या कानाला हे नाव आणखी ओळखीचे वाटेल. संस्थापक जुजिरो मात्सुदा यांच्या आडनावाचा मेळ पारशांच्या अहुर मझ्द ह्या नावाशी घालून हे नाव ठेवले असे कंपनी सांगते. ही कंपनी १९२० मध्ये बुचाच्या, म्हणजे बाटलीच्या बुचाला वापरतात त्या सालीच्या, धंद्यासाठी निघाली. १९३१ पासून ती तीन चाकांच्या मालगाड्या करू लागली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा मध्ये एक टेकडी होती म्हणून कारखाना बराचसा वाचला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या जळालेल्या शहरासाठी तीनचाकी गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. एवढे सांगून आम्ही पुढे जातो. कारण आपला विषय ओझ्याचा आहे.

दोन माणसांच्या हलक्या उघड्या मोटारी ही मूळची इंग्रजांची आवड. एमजी, ट्रायम्फ, लोटस ही त्यातली मोठी नावे. त्या गाड्यांचा टप गळायचा, तेल ठिबकायचे, तरी लोक त्यांच्यावर जीव टाकीत. पुढे त्या बनणे कमी कमी होत गेले. एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर ह्या दोन्हींचे उत्पादन १९८० मध्ये थांबले. ही जात आता संपली असे सर्वांना वाटत असताना १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदाने आपली नवी गाडी मांडली. तिचा प्रमुख अभियंता तोशिहिको हिराई. त्याने आपल्या माणसांपुढे एकच कल्पना ठेवली होती. तिला जपानी भाषेत 'जिन्बा इत्ताई' म्हणतात, म्हणजे घोडा व स्वार यांचे एक अंग होणे. गाडी सर्वांत वेगवान असावी हा हेतूच नव्हता. चालवणाऱ्याच्या मनाप्रमाणे ती वळावी, एवढेच. आणि त्यासाठी ती हलकी हवी होती. जपानात निघालेल्या पहिल्या गाडीचे वजन सुमारे ९४० किलो होते व इंजिन १.६ लिटरचे.

आता पाहा, पुढे काय झाले. १९९८ मध्ये दुसरी पिढी बाजारात आली, २००५ मध्ये तिसरी. प्रत्येक वेळी लोकांची मागणी थोडी वाढलेली, कायदे थोडे वाढलेले, सोयी थोड्या वाढलेल्या. पहिल्या गाडीच्या टपाला मागे प्लॅस्टिकची खिडकी होती. ती थंडीत तडकायची, जुनी झाली की धुरकट व्हायची. दुसरीत तेथे काच आली. तिसरीत अंग मोठे झाले, इंजिन मोठे झाले, आणि वजन सुमारे ११०० किलोपर्यंत गेले. हे व्हावे अशी तिच्या करणाऱ्यांची इच्छा नव्हती. उलट त्यांनी ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब मांडला होता. आतल्या मागचे पाहण्याच्या आरशातूनसुद्धा त्यांनी काही ग्रॅम काढले. ते तसे न करते तर ती किती जड झाली असती कोण जाणे! ह्यात एकाही माणसाने काही वाईट केले नाही. कोणी काच मागितली, कोणी पेला ठेवायला जागा मागितली. मागणी प्रत्येकाची वाजवी होती. 'ओंकोस' असाच येतो. तो दार ठोठावून, आपण शत्रू आहोत असे सांगून घरात शिरत नाही.

चौथी पिढी २०१५ मध्ये विक्रीस आली. तिचा प्रमुख नोबुहिरो यामामोतो. ह्या वेळी ते पुन्हा आरंभाकडे गेले. बॉनेट, पुढचे पंखे आणि डिकीचे झाकण अॅल्युमिनियमचे केले. गाडीची लांबी पहिल्या पिढीपेक्षाही थोडी आखूड केली. जपानात व युरोपात लहान इंजिन ठेवले ते १.५ लिटरचे, म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वीच्या इंजिनापेक्षाही लहान. तिसऱ्या पिढीत प्रत्येक चाक पाच नटांनी बसत होते. ते चौथ्या पिढीत पुन्हा चार नटांवर आले. चार चाकांचे चार नट वाचले! आम्ही हे वाचले तेव्हा आम्हांस हसू आले आणि मग हसू थांबले. ती विक्रीस आली तेव्हा जपानात मिळणारी तिची सर्वांत हलकी आवृत्ती ९९० किलोची होती. नवी पिढी म्हणजे जुनीत काहीतरी भर, अशीच आपली समजूत असते. येथे नवी पिढी काही काढून टाकून आली.

परंतु ९९० म्हणजे ९४० नव्हे, हेही आपण प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. हे पन्नास किलो का राहिले? जगातली हुशार माणसे कामाला लागली असताना पहिल्या वजनाला ती का पोहोचली नाहीत? ह्याचे एक मोठे कारण असे की त्या सव्वीस वर्षांत माणसाचा जीव वाचवण्याची साधने गाडीत आली. बाजूने धडक बसली तर दार आत घुसू नये म्हणून ते मजबूत करावे लागले. अपघातात पुढे व बाजूस फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या आल्या. युरोपात विकल्या जाणाऱ्या चौथ्या पिढीत तर अशी योजना आहे की रस्त्यावरचा माणूस गाडीवर आदळला तर बॉनेट आपोआप थोडे वर उचलले जाते, म्हणजे त्याचे डोके खालच्या कठीण इंजिनावर आपटू नये. गाडीत बसलेल्याला ह्या शेवटच्या वजनाचा काहीही उपयोग नाही. ते सर्वस्वी परक्या माणसासाठी वाहिलेले ओझे आहे.

येथे आपल्याला गलतीकरांच्या पत्राचा सहावा अध्याय उघडला पाहिजे. दुसऱ्या वचनात पौल एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि पाचव्यात, प्रत्येकाने आपापला भार वाहावा असे म्हणतो. शब्बाथशाळेच्या वर्गात मोठी मुले येथे शिक्षकाला हमखास अडवतात : नक्की काय करायचे? ग्रीक शब्द पाहिले तर अडचण उरत नाही. दुसऱ्या वचनात 'बारोस' आहे, माणसाला चेपून टाकणारे जड ओझे. पाचव्यात 'फोर्तिऑन' आहे, प्रवाशाचे स्वतःचे गाठोडे. आणि इब्री पत्रातला शब्द ह्या दोहोंहून वेगळा, तो 'ओंकोस'. शेजाऱ्याच्या बारोसला हात लावायचा, आपले फोर्तिऑन कुरकुर न करता उचलायचे, आणि ओंकोस उतरवून ठेवायचा. अडचण अशी की तराजूवर तिन्ही किलोतच मोजली जातात. कोणते कोणते आहे ते काटा सांगत नाही.

आता ते पत्र. आमच्या मंडळीतील एक तरुण, लहानपणी शब्बाथशाळेत आमच्याच वर्गात बसलेला, गेली काही वर्षे इंग्लंडात एका रुग्णालयात नोकरीस आहे. तेथे त्याने एका सहकाऱ्याकडून पहिल्या पिढीतील ही लाल मोटार, पुष्कळ वापरलेली, विकत घेतली. अविवाहित आहे, परक्या गावात एकटा आहे, आणि मोटारीची त्याला लहानपणापासून आवड. त्याने आम्हांस लिहिले : "सर, माझी गाडी जुनी झाली. त्याच गाडीची नवी पिढी घ्यावी असे फार मनात आहे. कोरी नाही, पाच-सहा वर्षे वापरलेली. पण रात्र-रात्र तिचेच विचार येतात. हा लोभ आहे का? आईला विचारले तर ती म्हणते, सरांना विचार." पुढे त्याने सहज म्हणून दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक अशी की दर रविवारी तो मंडळीतल्या एका वृद्ध विधवा बाईंना दुसऱ्या जागेवर बसवून उपासनेला नेतो. त्या काठी गुडघ्यांमध्ये धरून बसतात आणि टप उघडायला सांगतात. आणि त्याच्या जुन्या गाडीत दोन्ही जागांपैकी एकीपुढेही हवेची पिशवी नाही. दुसरी गोष्ट अशी की कामावरून आल्यावर तो तासभर फोनवर विकाऊ गाड्यांची चित्रे पाहत बसतो, त्यामुळे हल्ली आईला फोन करायचे राहून जाते.

ह्या तरुणाला आम्ही जे उत्तर लिहिले त्याचा सारांश येथे देतो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

दहावी आज्ञा शेजाऱ्याच्या बैलाचा व गाढवाचा लोभ धरू नये असे सांगते. बैल असणे हा अपराध आहे असे ती कोठेच सांगत नाही. देवाने आपल्याला उपभोगासाठी सर्व काही विपुल दिले आहे हे पौल तीमथ्याला पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात सांगतो, आणि त्याच अध्यायात अन्नवस्त्रांत तृप्त असावे हेही सांगतो. दोन्ही वचने एकाच पानावर आहेत. आपल्यातील काही वडीलधारी फक्त एक वाचतात व तरुण मंडळी फक्त दुसरे. मोटारीत बसून आनंद झाला म्हणून देव रागावतो असे आम्ही त्या मुलाला सांगू शकलो नाही, कारण तसे आम्हांस पवित्र शास्त्रात आढळत नाही. रथांवर व घोड्यांवर भरवसा ठेवणाऱ्यांविषयी विसाव्या स्तोत्रात लिहिले आहे ते भरवशाविषयी आहे.

तेव्हा ओझे शोधायचे ते कोठे? आम्ही त्याला लिहिले, तुझ्या पत्रातच ते आहे, पण तू त्याला गाडीच्या वजनात शोधतो आहेस. तो संध्याकाळचा एक तास पाहा. गाडी अजून दारात आलीही नाही आणि तिने तो तास घेतला. बेळगावात एक आई फोन जवळ ठेवून जेवायला थांबलेली असते. ती त्या तासाची मालकीण होती. चित्रे पाहणे हे पाप आहे का? नाही. म्हणूनच तर इब्री पत्राच्या लेखकाने दोन वेगळे शब्द वापरले. आणि ज्या हवेच्या पिशवीला तू पत्रात 'उगीच एक कारण' म्हटले आहेस, ते उगीच नाही. बाजूला बसलेल्या त्या बाईंची हाडे ऐंशी वर्षांची आहेत. नव्या पिढीकडे जाण्याचे तुझ्याजवळ जर एखादे चांगले कारण असेल तर ते हे आहे. पण त्यासाठी सर्वांत नवीच पिढी लागते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो तूच तुझ्या पगाराला विचार. व्याजाने पैसे काढू नकोस.

येथे एका बाजूच्या गोष्टीकडे वळल्याशिवाय आम्हांस राहवत नाही. ह्या मोटारीच्या चाहत्यांत असे पुष्कळ आहेत की त्यांना पहिलीच पिढी खरी वाटते. पहिल्या गाडीचे पुढचे दिवे झोपलेले असत आणि कळ दाबली की डोळे उघडल्यासारखे वर येत. दुसऱ्या पिढीत ते गेले. पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेचे नियम कडक होत चालले होते आणि वर उचलणारी यंत्रणा जडही होती. आज पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी त्या दिव्यांसाठी हळहळणारे लोक आहेत. त्यांना हसू नये. एज्राच्या तिसऱ्या अध्यायात दुसऱ्या मंदिराचा पाया घातला तेव्हा तरुण आनंदाने ओरडत होते आणि पहिले मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडत होते, आणि कोणता आवाज कोणाचा हे लोकांना कळेना. शास्त्रलेखकाने त्या म्हाताऱ्यांना दटावलेले नाही. प्रभू येशूनेही लुकाच्या पाचव्या अध्यायात नव्या द्राक्षारसाचे बोलून झाल्यावर, जुना प्यालेल्याला लगेच नवा नको असतो, जुनाच बरा वाटतो, असे म्हटले आहे. हे बोलणे फक्त लुकाने नोंदले आहे. त्यात रागाचा सूर आम्हांस तरी ऐकू येत नाही. माणसाचा स्वभाव ओळखून हसऱ्या मुद्रेने प्रभू ते बोलला असावा. आपल्या उपासनेत पेटीच्या जागी गिटार आली तेव्हा मागच्या बाकावरील कोणाचे डोळे भरले होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वचन लवकर समजेल.

त्याच अध्यायात ठिगळाचा दृष्टान्त आहे, आणि तोही लुकाने जरा वेगळा सांगितला आहे. मत्तय व मार्क यांच्यात कोऱ्या कापडाचे ठिगळ आहे. लुकात मात्र कोणी नवे वस्त्रच फाडून त्याचा तुकडा जुन्याला लावतो. दोन वस्त्रांचा नाश! माझदा कंपनीने २०१७ मध्ये जपानात पहिल्या पिढीच्या गाड्या पुन्हा पहिल्यासारख्या करून देण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी बंद झालेले सुटे भाग तिने परत करवून घेतले. त्यात टपाचे कापड होते, लाकडी स्टिअरिंग होते, जुन्या नमुन्याचे टायरही होते. नव्या गाडीचा टप काढून जुनीवर बसवला नाही. तो बसलाही नसता. जुनीच्या मापाने जुनीसारखे कापड नव्याने विणले. ज्या हातांनी चौथी पिढी हलकी केली त्याच कारखान्याने पहिलीचीही लाज राखली. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा दृष्टान्त शिकवताना ठिगळाच्या कापडाचे चित्र काढतातच. ह्या खेपेस मोठ्या मुलांना ही टपाची गोष्ट सांगून पाहावी. विशेषतः मुलगे लक्ष देतील.

आता पत्रव्यवहारातील सर्वांत अवघड भाग. नवी गाडी घ्यायची तर जुनी विकली पाहिजे, आणि तेथे त्या मुलाची खरी परीक्षा झाली.

इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. लोखंडाला मिठासारखा वैरी नाही, हे गोव्याच्या किनाऱ्यावरील वाचकांना सांगायला नको. पण ह्या मोटारीच्या पहिल्या दोन पिढ्यांना गंज बाहेरून जितका लागतो तितकाच आतून लागतो. टपाच्या मागे पडणारे पावसाचे पाणी खाली वाहून जावे म्हणून दोन्ही बाजूंस नळ्या व छिद्रे ठेवली आहेत. त्यांत झाडाची पाने, धूळ साचून ती बुजतात. मग पाणी दारांखालच्या पोकळ पत्र्यात साठते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. वरचा रंग मात्र सुंदर लाल! बोटाने दाबले की बोट आत जाते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात संपत्तीचा नाश करणाऱ्या गोष्टींत आपण 'जंग' वाचतो. मूळ शब्द 'ब्रोसिस' आहे आणि त्याचा सरळ अर्थ 'खाणे' असा आहे. जे आत बसून खाते ते. लोखंड वाहनात असो की सोने पेटीत असो, प्रभूने शब्द मोठा नेमका निवडला.

त्या तरुणाच्या गाडीच्या दोन्ही बाजू अशा खाल्लेल्या निघाल्या. जुन्या गाड्यांचा व्यापार करणारा एक माणूस त्याला म्हणाला, त्यात लांबी भर, वरून काळा थर दे, गिऱ्हाईक पाहणार नाही. तू मुद्दाम खोटे बोलू नकोस, फक्त विचारल्याशिवाय सांगू नकोस. ह्या मुलाने आम्हांस विचारले, "सर, मी खोटे बोलत नसेन तर?"

नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायातील चौदाव्या वचनात घेणाऱ्याची लबाडी वर्णिलेली आहे. तो वस्तूला वाईट, वाईट म्हणत किंमत पाडतो आणि घेऊन गेल्यावर आपल्या हुशारीची फुशारकी मारतो. आमच्या पाहण्यात ह्या वचनावर उपदेश क्वचितच होतो, कदाचित आपण सर्वच बाजारात जातो म्हणून. विकणाऱ्याची लबाडी अकराव्या अध्यायाच्या आरंभी खोट्या तराजूच्या रूपाने येते. तराजू बोलत नाही. तो गप्प राहूनच खोटे सांगतो, आणि परमेश्वराला त्याचा वीट आहे. आम्ही त्या मुलाला एवढेच दाखवले. आणि हेही लिहिले की तुझी गाडी घेणारा बहुधा तुझ्यासारखाच कोणी असेल. पहिलीच आवडीची गाडी, थोडा पगार, आणि बाजूच्या जागेवर बसवायला कोणीतरी प्रिय माणूस. दारांखालचा तो पत्रा धडक बसली तर त्या माणसाला वाचवणारा भाग आहे. तो खाल्लेला आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या खांद्यावर गलतीकरांच्या पत्रातील कोणते ओझे पडते?

हे लिहून पाठवले तेव्हा आम्हांस थोडी धास्ती होती. दुसऱ्याच्या खिशातले पैसे खर्च करणारा उपदेश फार सोपा असतो.

काही आठवड्यांनी त्याचे उत्तर आले. गाडी पाहायला एक बाप व त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा आले होते. ह्याने दोन्ही दारे उघडली, त्यांना जमिनीवर गुडघे टेकायला लावले आणि पत्रा दाबून दाखवला. बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने मागितलेल्या किमतीतून पत्रा कापून नवा जोडण्याचा सगळा खर्च वजा केला आणि उरलेल्या पैशांत गाडी नेली. नवा पत्रा जोडून झाल्याखेरीज मुलाला गाडी चालवू देणार नाही असे तो म्हणाला म्हणे.

हाती आलेल्या पैशांत चौथी पिढी येत नव्हती. कर्ज काढले नाही. तिसऱ्या पिढीतील एक गाडी त्या रकमेत बसली, ती घेतली. तीच ती सुमारे अकराशे किलोंची, प्रत्येक चाकाला पाच नटांची, मोटारप्रेमी लोक जिला जरा नाक मुरडतात ती. दोन्ही जागांपुढे हवेच्या पिशव्या आहेत, हीटर चालतो, आणि टप मागे टाकल्यावर त्या आजीबाई अजूनही काठी गुडघ्यांतच धरून बसतात असे त्याने लिहिले आहे. विकाऊ गाड्यांची चित्रे पाहण्याविषयी पत्रात काही नव्हते. पण गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर त्याची आई दाराशी थांबली होती. मुलाचा फोन हल्ली रोज संध्याकाळी येतो आणि तो बोलता बोलता इतका वेळ लावतो की भाकरी निवून जाते, अशी तिची तक्रार होती.